रेंज नसतानाची नोंद

साशंक : फिरत्या फोनांवर चालणाऱ्या, गावोगाव विखुरलेल्या संगणकप्रणालींसाठी नव्या प्रोग्रामिंग भाषा घडवायला हव्यात, असं तुमचं म्हणणं आहे. भंडारा जिल्ह्यातून पाहिलं, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार वाटतो. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्याआधी तलाठी शिवारात फिरून गाव नमुना १२ भरायचा. आता शेतकरी स्वतः धुऱ्यावर उभा राहून बांधीतल्या धानाचा फोटो काढतो, गट नंबर निवडतो, क्षेत्र भरतो आणि ती नोंद सातबारावर चढते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. त्या भावानं खरेदी केंद्रावर धान द्यायचा, तर नोंदणीच्या वेळी सातबारावर धानाची नोंद लागते. म्हणजे फोनमधल्या एका नोंदीवर अख्ख्या हंगामाची कमाई अडून राहते. आता अडचणी बघा. कोक्याच्या जंगलाकाठच्या एखाद्या गावात रेंज येते आणि जाते. पावसात वीज गेली की टॉवर मुका होतो. सातबारा वडिलांच्या नावावर, त्यांच्याकडे साधा फोन, आणि स्मार्टफोनवाला मुलगा नागपुरात कामाला. यातली कुठली अडचण प्रोग्रामिंगच्या भाषेची आहे? टॉवर उभारा, माणसं नेमा, मुदत वाढवा. भाषा घडवणारा संशोधक इथे येऊन काय करणार?

पुरस्कर्ता : टॉवर हवेत आणि माणसंही हवीत, त्यावर वाद नाही. पण टॉवर आला की प्रश्न मिटेल, हे मला पटत नाही. फोन माणसाबरोबर फिरतो. त्याची बॅटरी संपते, तो झाडीत शिरतो, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळं राज्य एकाच वेळी अपलोड करायला बसतं. जोडणी तुटणं ही या जगातली रोजची गोष्ट आहे, आणि आपले प्रोग्राम मात्र ती अपवाद समजून लिहिले जातात. याला इतिहास आहे. १९८४ मध्ये झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातल्या बिरेल आणि नेल्सन यांनी दूरच्या यंत्राला दिलेली हाक जवळच्या हाकेसारखीच लिहिता यावी अशी सोय दाखवून दिली. प्रोग्रामरचं काम हलकं झालं, पण अंतर नजरेआड गेलं. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी बजावलं की हे अंतर लपवता येणारच नाही, कारण दूरचं यंत्र अर्धवट बिघडू शकतं.

याचा अर्थ शेतात उभं राहून लावून पाहा. फोटो पाठवला, उत्तर आलं नाही. कदाचित निरोप वाटेत हरवला. कदाचित तो पोचला, पण सर्व्हर मध्येच बंद पडला. कदाचित नोंद नीट झाली आणि फक्त पोच परतताना हरवली. फोनच्या बाजूनं तिन्ही स्थिती हुबेहूब सारख्या दिसतात. ज्या भाषेत प्रोग्रामरला ‘झालं’ आणि ‘झालं नाही’ एवढंच लिहायची सवय लागते, तिथे ‘माहीत नाही’ ही स्थिती कोणीच लिहीत नाही. पडद्यावर ‘अयशस्वी’ उमटतं, शेतकरी पुन्हा भरतो, आणि एका बांधीच्या दोन नोंदी होतात किंवा एकही होत नाही. ही अडचण नक्कीच भाषेची आहे.

साशंक : ती शिस्तीची आहे. जाणता प्रोग्रामर कुठल्याही भाषेत ‘माहीत नाही’ ही तिसरी स्थिती सांभाळतो. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक द्या, म्हणजे ती दोनदा पोचली तरी एकदाच धरली जाईल. याला नवी भाषा लागत नाही, चांगलं शिक्षण आणि एखादी तयार लायब्ररी पुरते.

आणि तुमच्या भाषांचं पुढे काय झालं, तेही बोलू. १९९४ च्या सुमारास जनरल मॅजिक या कंपनीनं टेलिस्क्रिप्ट आणली. चालता प्रोग्राम एका आज्ञेसरशी आपल्या सगळ्या सामानासकट दुसऱ्या यंत्रावर जाऊन पुढचं काम करील, अशी तिची कल्पना होती. कंपनी बुडाली, भाषाही गेली. १९९५ मध्ये लुका कार्देल्ली यांची ऑब्लिक आली. १९९८ मध्ये त्यांनी आणि अँड्र्यू गॉर्डन यांनी सीमा ओलांडणाऱ्या गणनेचं एक सुंदर गणित मांडलं. ब्रुसेल्सच्या विद्यापीठात ॲम्बियंटटॉक तयार झाली. यातल्या एकाही भाषेत लिहिलेलं ॲप भंडाऱ्यातल्या माणसाच्या फोनवर मिळेल का? अँड्रॉइडची ॲप आधी जावात लिहिली गेली, आता कॉटलिनमध्ये लिहिली जातात. सरकारी काम निविदेवर चालतं. ठेकेदार सहज मिळतील अशी मुलं घेतो, ती मुलं वर्षा-दोन वर्षांत दुसरीकडे जातात. तिथे कोणी नवी भाषा शिकणार नाही. शोधनिबंधात शोभणारी आणि शिवारात न पोचणारी भाषा कोणासाठी घडवायची?

पुरस्कर्ता : भाषा मरतात, पण त्यांतले विचार दुसऱ्या भाषांत जाऊन राहतात. बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी १९८८ मध्ये एक कल्पना मांडली : दूरवर मागितलेलं उत्तर अजून आलेलं नसलं, तरी त्याच्या जागी एक वचन हातात धरून पुढचं काम करता यावं. आज जगातला जवळपास प्रत्येक ॲप लिहिणारा हे वचन रोज वापरतो, आणि ते कुठून आलं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ॲपलच्या स्विफ्ट भाषेत २०२२ मध्ये दूरच्या घटकांसाठी वेगळी खूण आली. अशा घटकाला हाक मारायची तर ‘थांबावं लागेल’ आणि ‘फसू शकेल’ या दोन्ही गोष्टी लिहाव्याच लागतात, नाहीतर प्रोग्राम तयारच होत नाही. वाल्डो यांचं १९९४ चं म्हणणं २०२२ मध्ये फोनच्या भाषेत उतरलं. अठ्ठावीस वर्षं लागली, पण ते उतरलं.

ॲम्बियंटटॉकमध्ये नेमकं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. तिच्या कर्त्यांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या. फिरत्या जाळ्यात जोडणी सारखी तुटते, आणि मधली यंत्रणा हाताशी असेलच असं नाही. म्हणून त्या भाषेत दूरचा निरोप पाठवून मोकळं व्हायचं, उत्तराची वाट पाहत अडून बसायची सोयच ठेवलेली नाही. जोडणी तुटली तर निरोप त्या दुव्यात साठतो आणि जोडणी आल्यावर निघतो. तुटल्यावर काय करायचं, परत जुळल्यावर काय करायचं, हे लिहायला भाषेतच जागा आहे. काही दुव्यांना मुदतही घालता येते. लायब्ररी आणि भाषा यांतला फरक मला इथे दिसतो. लायब्ररी आठवण ठेवणाऱ्याला मदत करते. भाषा विसरणाऱ्याला अडवते. तुम्हीच म्हणालात की ठेकेदाराची मुलं नवी असतात आणि घाईत असतात. मग अडवणाऱ्या भाषेची गरज त्यांनाच सर्वांत जास्त नाही का?

आणि शिवारात न पोचलेली भाषा म्हणाल, तर एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास टेलिफोन केंद्रांसाठी घडलेली अर्लांग आठवा. घटक बिघडणारच हे धरून ती रचली होती. व्हॉट्सॲपचे सर्व्हर तिच्यावर उभे राहिले. तुमसरच्या बाजारातला व्यापारी आणि लाखांदूरचा शेतकरी, दोघांनाही एक खूण, दोन खुणा आणि निळ्या खुणा यांतला फरक कळतो. निरोप निघाला, पोचला, वाचला, अशा तीन वेगळ्या स्थिती आहेत आणि त्या प्रामाणिकपणे दाखवल्या जातात. सरकारी नोंदीबद्दल शेतकऱ्याला एवढं तरी कळायला नको का?

साशंक : कळायला हवं, आणि भाषा अडवते म्हणून विसरभोळेपणा कमी होतो, हेही मान्य. पण तुम्ही आतापर्यंत एका फोनचं आणि एका सर्व्हरचं बोललात. खरी कसोटी पुढे आहे. एकाच गटावर नागपूरहून आलेल्या मुलानं एक नोंद भरली आणि गावातल्या पीक पाहणी सहायकानं दुसरी. दोघांच्या फोनला तेव्हा रेंज नव्हती. दोन दिवसांनी दोन्ही नोंदी वर चढल्या. एकीत धान, दुसरीत तूर. आता सातबारावर काय चढवायचं? तुमची भाषा याचं उत्तर देणार आहे का?

पुरस्कर्ता : उत्तर शोधण्याची साधनं देणार आहे. सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे जी नोंद शेवटची ती खरी. तो घातक आहे. शेवटची कोणती हे फोनच्या घड्याळावरून ठरतं आणि फोनची घड्याळं चुकतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवलं की ज्या दोन यंत्रांमध्ये निरोपाची देवाणघेवाण झालीच नाही, त्यांच्यावरच्या घटनांत आधी कोण आणि नंतर कोण हे आतून ठरवायला काही आधार नसतो. मग घड्याळावर भिस्त ठेवून एक नोंद गुपचूप पुसायची कशाला?

२०११ मध्ये मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग मांडला. माहितीची रचनाच अशी करायची की प्रती कुठल्याही क्रमानं एकत्र आल्या तरी सगळीकडे निष्कर्ष एकच निघेल आणि भर घातलेलं काही हरवणार नाही. तुमच्याच उदाहरणात पीक हा एकच रकाना न धरता पिकांचा संच धरा. दोन्ही नोंदी जोडल्या की संचात धान आणि तूर दोन्ही राहतात. आणि भंडाऱ्यात ते बहुतेकदा खरंच असतं : बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर. एक रकाना ठेवणाऱ्यानं नकळत ठरवून टाकलं होतं की एका गटात एकच पीक असतं. ज्या भाषेत ‘हे दोन कसे जोडायचे’ हे लिहिल्याशिवाय माहिती साठवताच येत नाही, ती भाषा प्रोग्रामरला हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला लावते.

साशंक : तूर धुऱ्यावर असेल तर छान. पण एक नोंद चुकीची असेल तर? किंवा खोटी असेल तर? तुमचं गणित एवढीच हमी देतं की सगळ्या प्रती एकसारख्या होतील. त्या खऱ्या गोष्टीवर एकसारख्या होतील, अशी हमी ते देत नाही. सगळ्या फोनांनी मिळून एकच चूक बाळगली तरी गणित समाधानी असतं.

दुसरं उदाहरण घ्या. रोजगार हमीच्या बहुतेक सगळ्या सामूहिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून एनएमएमएस ॲपवरून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून हजेरी घेणं सक्तीचं झालं. समजा, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या खोलीकरणावर चाळीस बाया दिवसभर माती उपसतात. दुसरा फोटो चढला नाही. काम झालं, तलाव खोल झाला, पण हजेरी लागली नाही. अपवाद म्हणून हातानं हजेरी भरायची परवानगी जिल्हा पातळीवरून मिळू शकत होती, पण एका दिवसाच्या मजुरीसाठी त्यांतल्या एखाद्या बाईनं तिथवर पोचायचं कसं? एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये अंदाज बांधला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये तो सिद्ध केला : जाळं दुभंगलं की प्रणालीला निवड करावी लागते. तुटक अवस्थेतही काम स्वीकारायचं आणि नोंदी जुळणार नाहीत हा धोका पत्करायचा, किंवा जुळणीसाठी काम नाकारायचं. संगणकशास्त्रात हे प्रमेय आहे. तलावावर त्याचा अर्थ असा की धोका शासनानं पत्करायचा की मजुरानं. ही निवड भाषा करत नाही, शासन करतं, आणि ते तो धोका मजुराच्या गळ्यात टाकतं.

पुरस्कर्ता : इथे तुम्ही अगदी मर्मावर आलात, आणि माझा आग्रह इथूनच सुरू होतो. मुदतीचं उदाहरण घेऊ. शेतकऱ्यानं शेवटच्या दिवशी दुपारी, रेंज नसताना नोंद भरली. ती चढली दुसऱ्या दिवशी सकाळी. नोंद मुदतीत आहे की नाही? यात दोन वेळा आहेत : घडल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ. आजच्या बहुतेक भाषांत दोन्ही साध्या तारखा असतात आणि त्यांची तुलना एका ओळीत होते. प्रोग्रामर हाताला लागेल ती तारीख मुदतीशी ताडून मोकळा होतो. हजारो शेतकऱ्यांना लागू होणारा निर्णय घेतला गेला आणि घेणाऱ्यालाही तो निर्णय आहे हे कळलं नाही. मला अशी भाषा हवी आहे जिच्यात या दोन वेळा वेगळ्या प्रकारच्या असतील आणि त्यांची सरळ तुलना कंपायलर होऊ देणार नाही. कोणती वेळ धरायची हे नियम म्हणून, वेगळं, नाव देऊन लिहावं लागेल.

याला दाखला पाश्चात्त्य प्रयोगशाळेतच शोधायला नको, जरी तो तिथेही आहे. १९९५ मध्ये झेरॉक्समध्येच झालेल्या बायू या प्रणालीत प्रत्येक नोंद आधी कच्ची असायची, मग पक्की व्हायची. वाद आला तर तो कसा ओळखायचा आणि कसा सोडवायचा, याची रीत नोंदीबरोबरच जायची. पण आपल्या तलाठी कार्यालयात ही रीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद घेतली जाते, चावडीवर आणि संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणीनंतरच नोंद प्रमाणित होते. घेतलेली, हरकतीखालची, प्रमाणित : तीन स्थिती, आणि एकीतून दुसरीत जायचे ठरलेले रस्ते. जमिनीच्या मालकीला आपण एवढी काळजी देतो. त्याच जमिनीवरच्या पिकाची आणि मजुराच्या हजेरीची नोंद मात्र ‘चढली’ किंवा ‘चढली नाही’ एवढ्यावर संपते. भाषा घडवणाऱ्यांनी भंडाऱ्यात येऊन शिकावं ते हे.

साशंक : दाखला फार चांगला दिलात, पण तो माझ्या बाजूनं बोलतो. फेरफार टिकला तो तीन स्थितींमुळे टिकला असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, तो मंडळ अधिकाऱ्यामुळे टिकला. हरकत ऐकायला कायद्यानं नेमलेला माणूस आहे, त्याच्या निर्णयावर प्रांताकडे अपील आहे. त्या वहीतली तिसरी स्थिती जिवंत आहे, कारण तिच्यामागे एक दार आहे आणि ते ठोठावता येतं. ॲपमध्ये तुम्ही ‘कच्ची नोंद’ अशी स्थिती घातली आणि तिच्यामागे कोणीच बसवला नाही, तर शेतकऱ्याची नोंद कायमची कच्ची राहील. आज त्याला निदान ‘अयशस्वी’ दिसतं आणि तो धावपळ करतो. उद्या त्याला ‘प्रलंबित’ दिसेल आणि तो विश्वासानं घरी बसेल. खरेदी केंद्रावर गेल्यावर कळेल की प्रलंबित म्हणजे नाही.

आणि दोन वेळांचं. घडल्याची वेळ फोन सांगतो, आणि फोनचं घड्याळ हातानं मागे करता येतं. ती वेळ धरली तर लबाडाला वाट मिळते, पोचल्याची वेळ धरली तर रेंज नसलेल्या गावाला शिक्षा होते. तुमचा कंपायलर प्रोग्रामरला अडवील, मान्य. पण अडवील कोणाला? ठेकेदाराच्या कार्यालयात बसलेल्या मुलाला. ज्यानं ठरवायला हवं तो सचिव किंवा जिल्हाधिकारी त्या खोलीत नसतो. तो मुलगा दोन्ही वेळांतली एक निवडून नियमाला नाव देईल आणि पुढे जाईल. निर्णय पूर्वीसारखाच चुकीच्या माणसानं घेतलेला असेल, फक्त आता तो नीट लिहिलेला असेल.

पुरस्कर्ता : नीट लिहिलेला असणं ही लहान गोष्ट नाही. आज तो निर्णय शेकडो ओळींत विरघळलेला असतो. विचारणारा विचारणार कशाबद्दल? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, पण अर्जात नेमकं काय मागायचं हे कळलं तरच तो चालतो. ‘मुदत कोणत्या वेळेवरून मोजता, तो नियम द्या’ हा प्रश्न विचारता यायला आधी तो नियम वेगळा अस्तित्वात असावा लागतो. शासननिर्णयात एक परिच्छेद आणि प्रोग्राममध्ये त्याच नावाचा एक नियम, दोन्ही शेजारी ठेवून ताडता येतील, इतकं तरी भाषेनं शक्य करावं. पुढचं पाऊलही टाकता येईल. असे नियम प्रोग्रामरला भरताच येऊ नयेत, ते रिकामे राहावेत आणि खात्यानं भरून दिल्याशिवाय प्रणाली सुरू होऊ नये, अशी रचना करता येते.

तुमचा ‘प्रलंबित’चा आक्षेप मात्र मी बाजूला सारू शकत नाही. वाट पाहायला लावणाऱ्या प्रत्येक स्थितीला मुदत आणि तिच्यानंतर काय होणार हे सांगितल्याशिवाय ती घोषितच करता येऊ नये, एवढं भाषा करू शकते. मुदतीनंतर फाइल ज्या माणसाकडे जाईल तो माणूस खुर्चीवर असेल का, हे ती ठरवू शकत नाही.

साशंक : मग आपलं भांडण पहिल्यापेक्षा लहान झालं आहे आणि जास्त कठीणही. भाषेला काही काम नाही, हे माझं पहिलं म्हणणं मी सोडतो. अंतर लपवणारी भाषा प्रश्न पुरून टाकते आणि पुरलेल्या प्रश्नावर हरकतही घेता येत नाही, हे पटलं. पण रिकामा नियम भरायला खात्याकडे पाठवला, आणि खात्यानं तो न वाचता सही करून परत पाठवला, तर? तुम्ही उत्तरदायित्वाचा रकाना तयार कराल आणि तो भरलेला दिसेल. तलावावरच्या बाईला त्यातून काय मिळालं? माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी ग्रामसभेनं आणि शासनानं मिळून ठरवावं की रेंज नसण्याचा धोका कोणी उचलायचा. मग त्या ठरावाला साजेशी भाषा शोधावी.

पुरस्कर्ता : ग्रामसभेत तो प्रश्न येणार कसा, जर तो प्रश्न आहे हेच कुठे दिसत नसेल? ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढं उत्तर मिळाल्यावर कोणी ठराव मांडत नाही. लोक घरी जातात. ज्या दिवशी पडद्यावर दिसेल की ‘तुमची नोंद अमुक वेळी झाली, तमुक वेळी पोचली, आणि नियमानुसार पोचल्याची वेळ धरली गेली’, त्या दिवशी कोणीतरी उठून विचारील की हा नियम केला कोणी. माझ्या दृष्टीनं भाषा आधी यायला हवी, कारण तिच्याशिवाय वाद उभाच राहत नाही.

साशंक : आणि माझ्या दृष्टीनं तो विचारील तेव्हा समोर उत्तर द्यायला बांधलेला माणूस आधी असायला हवा, नाहीतर तोच पडदा त्याला सांगेल की सगळं नियमानुसार झालं. तुम्ही म्हणता, प्रश्न दिसल्याशिवाय तो माणूस कोणी नेमणार नाही. मी म्हणतो, माणूस नेमल्याशिवाय दिसलेला प्रश्न नुसताच दिसत राहील. दोन्ही एकदम व्हायला हवं, आणि एक काम प्रयोगशाळेत होतं, दुसरं मंत्रालयात आणि ग्रामपंचायतीत. या दोन ठिकाणांमध्ये आज कसलीच जोडणी नाही. ती कोणी जोडायची, हे तुमच्या भाषेतही लिहिलेलं नाही आणि माझ्या शासननिर्णयातही नाही.